सतरा नंबरची मेंढी

मेंढ्या आल्या सोळा आणि कागद आले सतरा. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

तसं बघितलं तर चूक कुणाचीच नव्हती. संशोधन संस्थेने मंजुरी मागितली सतरा मेंढ्यांची, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने दिली सतरांची. गाडीतून उतरवताना एक मरून पडलेली निघाली, तर त्या बिचारीला मंजुरीचं काय माहीत? मेलेल्या मेंढीसाठी एक फॉर्म होता, नाही असं नाही. पण तो अभ्यास सुरू झाल्यानंतर मेलेल्या मेंढीसाठी. आधीच मेलेल्या मेंढीसाठी फॉर्मच नव्हता. नोंदलेला प्राणी यादीतून काढायचा तर समितीला विचारावं लागायचं, आणि समितीचं उत्तर यायला सहा महिने. तोवर कॉम्प्युटर रोज सकाळी सतरा कागद छापायचा आणि दुपारी चारला सतरा भरलेले कागद परत मागायचा.

हे कागद भरायचं काम मेंढीकाकूंकडे होतं. संस्थेत सगळे त्यांना मेंढीकाकूच म्हणत. चारा, पाणी, झाडलोट आणि कागद, असा त्यांचा दिवस. कागद गोळा करायला दारापर्यंत यायचा ऑफिसातला एक कारकून. त्याच्या हातात शिक्का नसलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून त्याचं नाव शिक्का. तोंडावर मात्र भाऊ.

"भाऊ, सतरावी मेंढीच नाही तर कागद भरू कशाचा?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"रिकामा कागद चालत नाही काकू. रिकामा आला की तीन सह्यांचं स्पष्टीकरण लागतं. त्यातली एक सही मोठ्या साहेबांची. तुम्ही काहीतरी लिहा."

काकूंनी सोळा नंबरचा कागद उतरवून सतराच्या नावाने दिला. दुसऱ्या दिवशी शिक्का धापा टाकत परत आला.

"दोन मेंढ्यांचं दुखणं सेम टू सेम कसं? कॉम्प्युटरने लाल केलंय. वेगळं लिहा, पण खरं वाटेल असं लिहा."

म्हणजे मेंढी नाही, पण मेंढीचं दुखणं खरं हवं. काकूंनी पेन खाली ठेवलं. खरं दुखणं एकच त्यांना जवळून माहीत होतं.

तर त्या दुखण्याविषयी. सोळाही मेंढ्यांना एकच आजार होता, आणि तो बायकांचा आजार म्हणूनच प्रसिद्ध आहे. किंवा प्रसिद्ध नाही म्हणा, कारण त्याचं नाव कुणी काढत नाही. बाळंतपणात आतला आधार फाटतो, सैल पडतो, आणि मग अंग बाहेर येऊ लागतं. माणसात होतं तसं मेंढीतही होतं. पूर्वी डॉक्टर लोक आधाराला प्लास्टिकची जाळी घालत. त्या जाळीने कित्येक बायकांना सळो की पळो करून सोडलं. मोठ्या साहेबांची कल्पना वेगळी होती. मेंढीच्याच मांडीतून चिमूटभर पेशी काढायच्या, बारीक धाग्यांच्या विणीवर वाढवायच्या, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढा तो जिवंत तुकडा आत शिवायचा. धागे विरघळून जातात, पेशी आपला आधार आपणच विणतात. कल्पना सोन्यासारखी होती, याबद्दल वाद नाही. सोळा मेंढ्यांना तुकडा लावायचा आणि सतरावीला तुलनेसाठी तसंच ठेवायचं. तिच्यावर उपचार काही नाही, फक्त नजर. एकच का, तर गोठ्यात कप्पे सतराच होते.

काकूंचं अंग अकरा वर्षं बाहेर येत होतं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी त्या कामावर उभ्या राहिल्या होत्या, तेव्हापासून. सांगितलं फक्त आईला. आई म्हणाली होती, "बाईच्या जातीला हे असायचंच. वर ढकलायचं आणि कामाला लागायचं." आई आता नाही, पण तिचा सल्ला रोज सकाळी मोरीत पाळला जायचा. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. आणि संस्थेत सांगायचा तर प्रश्नच नव्हता, कारण नोकरीच्या अर्जावर पहिलीच अट होती: वीस किलो वजन उचलता यावं. दहा-दहा लिटरचे दोन कॅन, बरोबर वीस किलो. ज्या दिवशी नाही म्हणाल त्या दिवशी घरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पाणी गोठ्यात येत नव्हतं. मेंढ्यांना शुद्ध पाणी हवं, आणि शुद्ध पाण्याचं यंत्र अंगणापलीकडच्या दवाखान्याच्या इमारतीत. ढकलगाडी न्यायची नाही, चाकांनी घाण येते. म्हणून दिवसाला पाच खेपा, हातात दोन कॅन, गोठ्याच्या तीन पायऱ्या चढून. त्या वाटेवर स्त्रीरोग विभागाचं दार होतं. दिवसातून दहा वेळा काकू त्या दारासमोरून जायच्या. बाकावर बसलेल्या बायका त्यांच्याकडे बघायच्या, त्या बायकांकडे बघायच्या, आणि कॅन घेऊन पुढे जायच्या.

तेव्हा सतराच्या कागदावर काकूंनी लिहिलं. रकाना पहिला, किती बाहेर: दोन बोटं. रकाना दुसरा, उभं राहणं: जमतं, पण पाय फाकून. तिसरा, चारा: जेवण कमी. मग "जेवण" खोडून "चारा" केलं. शेवटच्या रकान्यात मेंढीचे पाच चेहरे काढलेले होते. पहिला शांत, पाचवा नाकपुड्या आवळलेला, डोळे अर्धे मिटलेला, कान पडलेला. मेंढी बोलत नाही म्हणून तिचा चेहरा बघून दुखणं ठरवायचं, अशी शास्त्रीय पद्धत. काकूंनी पाण्याच्या ड्रममध्ये वाकून स्वतःचा चेहरा बघितला. कान सोडले तर तिसरा. तिसऱ्यावर खूण केली.

कॉम्प्युटरने काही लाल केलं नाही. शिक्का खूश झाला.

मग काकूंना सवयच लागली. अकरा वर्षं जे कुणाला सांगता आलं नाही ते रोज चार वाजता लिहायचं आणि सरकारी शिक्का मारून घ्यायचा, ही काही थोडी गोष्ट नव्हती. शेऱ्याच्या जागेत त्या लिहू लागल्या. "सकाळी बरं असतं. तिसऱ्या खेपेनंतर वाईट." "शिंकेबरोबर थेंब." "पायऱ्या चढताना जास्त." "बसवत नाही. एका कुशीवर टेकते." आणि एकदा, घरी काहीतरी बोलाचाली झाली असणार, "आज कुणाशी बोलावंसं वाटलं नाही."

लिहिता लिहिता त्या मेंढ्यांकडेही वेगळ्या नजरेने बघू लागल्या. सोळा जणींचा थाट काय वर्णावा! कुंथावं लागू नये म्हणून भिजवलेला कोंडा. वाकावं लागू नये म्हणून छातीएवढ्या उंचीवर गव्हाण. मागचा भाग वर राहावा म्हणून कप्प्याची फरशी उतरती. कमरेभोवती निळा पट्टा, बाहेर आलेलं आत धरून ठेवणारा. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर येऊन विचारपूस करणार, तीही मऊ आवाजात, कारण मोठ्याने बोललं की मेंढीला ताण येतो. काकूंशी त्याच आवारात कुणी मऊ आवाजात बोललेलं त्यांना आठवेना. त्यांना मेंढ्यांचा हेवा वाटला, आणि मेंढीचा हेवा वाटतोय याची लाजही वाटली.

लाज बाजूला ठेवून त्यांनी कोंडा खायला सुरुवात केली. पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा सरकवल्या.

"अगं, माझं सगळं रक्त डोक्यात उतरतंय," नवरा कुरकुरला.

"उतरू द्या. कधी नव्हे ते डोक्याला मिळेल," काकू म्हणाल्या आणि कूस वळवून झोपल्या.

सतराव्या मेंढीच्या नावाने आलेला निळा पट्टा खिळ्याला लटकत होता. आठवडाभर काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही असं दाखवलं. मग एके दिवशी दार लावून कपड्यांच्या आतून चढवला. मांडीशी काचायचा, बक्कल मेंढीच्या मापाचं होतं, पण खेप थोडी सुसह्य झाली. कागदावर प्रामाणिकपणे नोंद गेली: "पट्टा लावला. फरक आहे. बक्कल टोचतं."

उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात. मोठे साहेब चौथ्या मजल्यावरून मेंढ्या हाकत. गोठ्याचा वास त्यांना सोसत नसे. पण कागद ते बारकाईने वाचत, आणि सोळा मेंढ्यांचे कागद वाचून कंटाळलेल्या साहेबांना सतरा नंबरने वेड लावलं. सकाळी बरं, भाराने वाईट, शिंकेबरोबर थेंब! हा प्राणी हुबेहूब बाईसारखा वागतो! "कुणाशी बोलावंसं वाटलं नाही" याखाली त्यांनी लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "कळपापासून अलिप्तता. महत्त्वाचं." आजवर एकाही मेंढीने इतकी सविस्तर माहिती दिली नव्हती. ती दिली कशी, हा प्रश्न मात्र इतक्या शिकलेल्या माणसाला पडला नाही. साहेबांनी सतरा नंबरवर भाषण दिलं, पडद्यावर तक्ते दाखवले, आणि टाळ्या घेतल्या.

इकडे सतरा नंबरची तब्येत बिघडत चालली होती. दोन बोटांची तीन झाली. मग एका दुपारी चौथ्या खेपेनंतर कपड्याला रक्त लागलं. काकू गव्हाणीला धरून उभ्या राहिल्या. घाबरल्या होत्या, साफ घाबरल्या होत्या. सांगावं तर नोकरी जाते आणि न सांगावं तर हे. चार वाजायला आले तसं त्यांनी जे रोज करायच्या तेच केलं. लिहिलं: "तीन बोटं. रक्त. भीती वाटते." चेहरा: चौथा.

दुसऱ्या दिवशी शिक्का लगबगीने आला.

"काकू, साहेबांचा आदेश! नियम नऊ. उपचार न केलेला प्राणी ढासळला तर त्याला तसंच ठेवता येत नाही, क्रूरता होते. वाचा."

काकूंनी वाचलं. "क्रमांक १७ ला आजपासून संपूर्ण विश्रांती. कोणताही भार नाही. पाणी व चारा दुसऱ्याने जागेवर द्यावा. आठ दिवसांत शस्त्रक्रिया करावी. वेदनेकडे दुर्लक्ष केल्यास संबंधितांवर कारवाई होईल." खाली साहेबांची लांबलचक सही, त्याखाली गोल शिक्का.

"तुम्ही जातीने लक्ष द्या तिच्याकडे," शिक्का म्हणाला आणि मग त्याला आठवलं की ती नाहीच. "म्हणजे... कागदावर द्या. उद्या समिती येणार आहे, तेव्हा बघू काय करायचं ते. सोळाव्या मेंढीलाच इकडून तिकडून दोनदा दाखवू."

काकूंनी तो कागद पुन्हा वाचला, आणि मग आणखी एकदा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विश्रांतीवर सही केली होती. डोळे भरून आले त्यांचे. तीन बाळंतपणं झाली, सासूचं आजारपण झालं, अकरा वर्षं पाणी वाहून झालं, पण "हिला बसू द्या" असं कुणी तोंडानेही म्हटलं नव्हतं. इथे तर कारवाईची धमकी होती. त्यांनी कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सतरा नंबरचा कप्पा झाडला, ताजं गवत अंथरलं, उतरत्या फरशीवर पाय वरच्या बाजूला करून त्या आडव्या झाल्या. पाणी आणलं नाही. मेंढ्यांनी तासाभराने ओरडायला सुरुवात केली.

समिती आली अकरा वाजता. चार पुरुष आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई, पलीकडच्या त्याच विभागातल्या. पुढे मोठे साहेब, नाकाला रुमाल, मागे शिक्का. डॉक्टरबाईंच्या हातात सतरा नंबरचे कागद होते आणि त्या वाटभर एकच विचारत होत्या, "साहेब, ही मेंढी कुठल्या पायऱ्या चढते?" साहेब म्हणत होते, "बघालच आता."

आणि त्यांनी बघितलं.

"ही कोण बाई?" साहेब म्हणाले.

"मेंढीकाकू, साहेब," शिक्का पुटपुटला. त्याचा चेहरा तेव्हाच चौथ्यावर आला होता.

"अहो बाई, उठा. सतरा नंबर कुठेय?"

"ही काय," काकू आडव्याच म्हणाल्या. "उठता येणार नाही साहेब. विश्रांती आहे. तुमची सही आहे." आणि त्यांनी कागद वर धरला.

साहेबांनी कागद घेतला, सही आपलीच आहे ना ते बघितलं, काकूंच्या कपड्यांआडून डोकावणारा निळा पट्टा बघितला. मग त्यांना सगळं एकदम समजलं आणि ते भिंतीला टेकले.

"म्हणजे माझा डेटा... सगळा खोटा?"

"खोटं एक अक्षर नाही त्यात," काकू उसळल्या. "बोटं मोजून लिहिलंय रोज. 'चारा' तेवढा खोटा आहे."

यानंतर समितीने जे केलं ते समितीच करू जाणे. अध्यक्ष म्हणाले, प्राणी माणूस निघाल्यास काय करावं याचा नियम नाही. दुसरे म्हणाले, माणूस असेल तर संमतीपत्र लागतं, ते कुठेय? तिसरे म्हणाले, संमतीपत्र मेंढीचं घेतलं नव्हतं, मग हिचं का घ्यायचं? चौथे सद्गृहस्थ नुसते मान डोलवत होते, कुणाच्या बाजूने ते कळत नव्हतं. साहेब म्हणाले, या बाईला आजच्या आज कामावरून काढतो. त्यावर अध्यक्षांनी बोट वर केलं.

"तसं करता येणार नाही. क्रमांक सतरा अभ्यासात नोंदलेला आहे. नोंदलेला प्राणी समितीच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही. अर्ज करा, सहा महिन्यांत कळवू."

हे सगळं गवतावर पडलेल्या बाईच्या डोक्यावरून चाललं होतं. डॉक्टरबाई तेवढ्या गुडघे टेकून खाली बसल्या होत्या.

"कधीपासून आहे हे?"

"अकरा वर्षं."

"अकरा! आणि कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवलं की," काकू म्हणाल्या. "रोज दाखवलं. चार वाजता, लिहून."

डॉक्टरबाईंच्या हातातले कागद खाली आले. मग त्यांनी काकूंचा हात धरून हळूच उठवलं आणि अंगण ओलांडून आपल्या विभागात नेलं. बाकावरच्या बायकांनी बघितलं. काकूंच्या हातात पहिल्यांदाच कॅन नव्हते.

तपासणी झाली. रक्त घासल्याने आलं होतं, मलम दिलं; ऑपरेशन नीट ठरवून करू, त्यात घाबरण्यासारखं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. पट्टा सोडवून बाजूला ठेवला. मग कपाटातून एक मऊ रबरी रिंग काढली, आत बसवली, आणि म्हणाल्या, "तोवर ही. चालून बघा."

काकू चालल्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. काही खाली उतरलं नाही, काही ओढलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

"हे नवीन निघालंय का?"

"छे हो. जुनी गोष्ट आहे. माझ्या शिकण्याच्या आधीपासून या कपाटात असायची."

खिडकीतून गोठ्याच्या पायऱ्या दिसत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण वळसाही त्यांनीच घातला होता, हातात वीस किलो घेऊन, दिवसातून दहा वेळा, या दारावरून. काकू खुर्चीवर सरळ बसल्या, दोन्ही कुल्ल्यांवर, कितीतरी वर्षांनी, आणि हमसून हमसून रडल्या. रडणं आनंदाचं होतं तेवढंच रागाचं. डॉक्टरबाईंनी थांबवलं नाही.

गोठ्यात वेगळाच पेच पडला होता. मेंढ्या चार तास तहानलेल्या राहिल्या तर अभ्यास बंद, हाही नियम. आदेशाप्रमाणे काकू भार उचलणार नाहीत. मेंढ्यांच्या चारा-पाण्याला हात लावायची परवानगी असलेल्यांच्या यादीत नावं तीन: काकू, मेंढ्यांचे डॉक्टर आणि मोठे साहेब. मेंढ्यांचे डॉक्टर नेमके त्या दिवशी रजेवर. समिती घड्याळ बघत उभी होती.

चार वाजता शिक्का कागद घ्यायला आला तेव्हा काकू सतराच्या कप्प्यासमोर स्टुलावर बसून लिहीत होत्या. किती बाहेर: शून्य. उभं राहणं: सरळ. चेहरा: पहिला. साहेब पलीकडे चाऱ्याच्या पोत्यावर कंबर धरून बसले होते. बाजूला दोन कॅन, एक रिकामा आणि एक अर्धा सांडलेला. पायऱ्यांवर पाणीच पाणी झालं होतं.

काकूंनी साहेबांकडे वाकून नीट बघितलं, नाकपुड्या बघितल्या, डोळे बघितले. मग शेऱ्याच्या जागेत लिहिलं: "पाणी साहेबांनी आणलं. एकच खेप. साहेबांचा चेहरा: पाचवा."

शिक्क्याने वाचलं. एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा काकूंकडे. रिकामं काहीच नव्हतं, सेम टू सेम काहीच नव्हतं. त्याने शिक्का मारला आणि कागद घेऊन गेला.